‘पर्शिया’ बोटीवरची आया आणि एका ख्रिस्ती प्रेमकथेची मांडणी

ख्रिस्ती श्रद्धेभोवती गुंफलेली ऐतिहासिक प्रेमकथा हा प्रकार इंग्रजीत विपुल लिहिला जातो, आणि युद्धकाळात बुडालेली आगबोट हे तर त्या लेखकांचे आवडते स्थळ आहे. कथानक बहुधा ठरलेले असते. घरच्यांवर किंवा देवावर रुसलेली एक तरुणी बोटीवर चढते, डेकवर तिची एका सालस तरुणाशी गाठ पडते, चार-सहा दिवसांनी शत्रूची पाणबुडी टॉर्पेडो सोडते, लाटांत गटांगळ्या खाताना ती देवाला शरण जाते आणि शेवटच्या प्रकरणात दोघे वेदीसमोर उभे राहतात. हा प्रकार मी आवडीने वाचते आणि त्याला हलका समजणाऱ्यांशी माझे पटत नाही. श्रद्धा आणि प्रेम ही दोन्ही माणसाला सर्वस्व पणाला लावायला सांगतात, त्यामुळे ती एकाच कथेत नांदावीत हे मला अगदी स्वाभाविक वाटते. मराठीला तर त्याचे वावडे असण्याचे कारणच नाही, कारण आपल्या भाषेतील पहिली कादंबरी १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने लिहिली आणि तिच्या केंद्रस्थानी हिंदू विधवांचे दुःख होते.

माझी हरकत एकाच गोष्टीला आहे, पण ती मुळातलीच आहे. नायिकेने प्रार्थना केली म्हणून ती वाचली, असे या कथा सुचवतात. मग जे बुडाले त्यांनी प्रार्थना केली नव्हती काय?

या लेखकांच्या विशेष आवडीच्या, पहिल्या महायुद्धात बुडालेल्या ‘लुसिटानिया’ या ब्रिटिश प्रवासी बोटीचेच उदाहरण घ्या. १ मे १९१५ रोजी ती न्यूयॉर्कहून निघाली, तेव्हा ब्रिटिश झेंड्याच्या बोटींतून प्रवास करणाऱ्यांनी तो आपल्या जबाबदारीवर करावा, अशी जर्मन वकिलातीची सूचना तिथल्या वृत्तपत्रांत छापून आली होती. ७ मे रोजी दुपारी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ यू-२० या जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो तिला लागला आणि अठरा मिनिटांत ती तळाशी गेली. बोट उजवीकडे इतकी कलली की डाव्या बाजूच्या होड्या आत डेकवर झुकल्या आणि उजव्या बाजूच्या होड्या कठड्यापासून इतक्या दूर लोंबू लागल्या की कडेवर मूल असलेल्या बाईला मधले अंतर ओलांडणे अशक्य झाले. ४८ होड्यांपैकी जेमतेम सहा होड्या धडपणे निसटल्या. १,१९८ माणसे गेली. त्यांत नुकतीच लग्ने झालेली जोडपी होती आणि फादर बेसिल मॅट्युरिन हे कॅथलिक धर्मगुरूही होते. ते डेकवर लोकांना पापक्षमेचा आशीर्वाद देत फिरत होते आणि एक मूल होडीतल्यांच्या हाती सोपवताना लोकांना शेवटचे दिसले. क्वीन्सटाउनच्या कबरस्तानात अनेक प्रेते सामुदायिक कबरींत पुरली गेली. त्या अठरा मिनिटांत कोण वाचणार हे ठरले ते बोट कोणत्या बाजूला कलली, कोणाची केबिन कोणत्या मजल्यावर होती आणि कोणाच्या हातात मूल होते यांवरून. फादर मॅट्युरिन यांच्या प्रार्थनेत काही उणे होते असे जी कथा न बोलता सुचवते, ती ख्रिस्ती म्हणवून घेण्यास पात्र आहे, असे मला वाटत नाही.

शास्त्रानेच हा प्रश्न आधी विचारून ठेवला आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांचा विषय निघतो, तेव्हा ते यरुशलेमेत राहणाऱ्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे तुम्हाला वाटते काय, असे प्रभू विचारतो आणि ‘नाही’ असे स्वतःच उत्तर देतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाचे जहाज क्रीटच्या आडोशाने जाताना वादळात सापडते आणि पुढे माल्टाच्या किनाऱ्यावर फुटते, पण त्यावरची २७६ माणसे जिवंत किनाऱ्याला लागतात, आणि त्यांत पौलावर श्रद्धा नसलेले शिपाई, कैदी आणि होडी घेऊन पळून जाऊ पाहणारे खलाशीही असतात. त्यानंतरचा प्रसंग मला याहून मोलाचा वाटतो. शेकोटीत काटक्या टाकताना पौलाच्या हाताला साप डसतो. बेटावरचे लोक प्रथम म्हणतात, हा खुनी असला पाहिजे. समुद्रातून वाचला तरी न्याय याला जगू देत नाही. त्याला काहीच होत नाही असे दिसताच तेच लोक त्याला देव ठरवतात. संकटातून वाचलेल्या माणसाकडे पाहून भराभर निकाल देणारी ही दोन्ही मते लूकने शेजारी-शेजारी मांडली आहेत आणि दोन्ही चुकीची म्हणून सोडून दिली आहेत. आपल्या कादंबऱ्यांतील नायिकेला मात्र दुसरा निकाल बिनदिक्कत मिळतो.

क्रीट आणि माल्टा ही नावे घेतली की मला ‘पर्शिया’ आठवते, आणि मराठीत अशी कथा लिहायची तर ती याच बोटीची असावी, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘पर्शिया’ पी. अँड ओ. या ब्रिटिश आगबोट कंपनीची, १९०० साली बांधलेली, लंडन ते मुंबई जाणारी. तिच्याच घडणीच्या बोटींपैकी ‘अरेबिया’ने ९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजींना आणि कस्तुरबांना मुंबईत उतरवले होते, म्हणजे आपल्या लोकांच्या येण्याजाण्याची ही बोट होती. १९१५च्या डिसेंबरात लंडनहून निघून मार्सेय बंदर करून ती पूर्वेकडे येत असताना ३० तारखेला दुपारी एकच्या सुमारास, प्रवासी जेवायला बसलेले असताना, क्रीटच्या दक्षिणेस यू-३८ या जर्मन पाणबुडीने कोणताही इशारा न देता तिच्यावर टॉर्पेडो सोडला. टॉर्पेडोपाठोपाठ बॉयलर फुटला आणि पाच-दहा मिनिटांत सारे संपले. बोटीवर ५१९ माणसे होती, त्यांपैकी ३४३ गेली. चार होड्या कशाबशा सुटल्या आणि त्यांतील लोकांना दुसऱ्या दिवशी रात्री ‘मॅलो’ या ब्रिटिश युद्धनौकेने उचलून अलेक्झांड्रियाला नेले. कपूरथळ्याचे महाराज जगतजीतसिंह मार्सेयलाच उतरले म्हणून वाचले. त्यांचे उतरणे हेही प्रार्थनेचे फळ म्हणायचे काय?

या बोटीवर एक खरी प्रेमकथाही होती आणि ती कोणत्याही साच्यात बसत नाही. लॉर्ड माँटेग्यू लष्कराच्या मोटार वाहतुकीचे सल्लागार म्हणून हिंदुस्थानात येत होते आणि सोबत त्यांची सचिव एलिनॉर थॉर्नटन होती. रोल्स-रॉइस मोटारीच्या नाकावर पंख पसरून उभी असलेली मूर्ती तिच्यावरूनच घडवली, असे मानले जाते. माँटेग्यू विवाहित होते आणि त्यांचे व एलिनॉरचे नाते पुष्कळ वर्षांचे होते. दोघे एकाच टेबलावर जेवत होते, दोघे मिळून होडीकडे धावले आणि पाण्याच्या लोंढ्याने त्यांची ताटातूट केली. उलट्या झालेल्या होडीला धरून तरंगत राहिलेल्या माँटेग्यूंना ‘निंगचाऊ’ नावाच्या बोटीने माल्टाला पोहोचवले आणि तिथे त्यांना स्वतःवरचे मृत्युलेख वाचायला मिळाले. एलिनॉर मिळाली नाही. धर्मवेडा लेखक इथे पापाचे शासन पाहील, पण त्याच पाण्यात त्याच क्षणी पुण्यवंत माणसेही बुडत होती, हे तो विसरेल.

माझी नायिका मात्र त्या टेबलावर बसलेली नाही, कारण ती आया आहे.

साहेबाच्या मुलांना सांभाळत विलायतेपर्यंत जाणाऱ्या आणि तिथे काम संपले की परतीच्या नोकरीची वाट पाहत अडकून पडणाऱ्या हिंदुस्थानी बायकांसाठी लंडनच्या हॅकनी भागात एक वसतिगृह होते आणि लंडन सिटी मिशन ते चालवीत असे. तिथल्या खोलीत १९१५ची थंडी काढत असलेली नाशिकच्या शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीतली एक बावीस वर्षांची मुलगी मला स्पष्ट दिसते. संवत छप्पन्नच्या, म्हणजे १८९९-१९००च्या दुष्काळात आई-बाप गेलेली, मिशनच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकलेली, मराठी बायबल लुगड्याच्या घडीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवणारी. तिला मुंबईला परतणाऱ्या एका मडमेची नोकरी मिळते आणि ‘पर्शिया’वर जागा मिळते. नाताळ बोटीवरच होतो. बाराच्या सुमारास तिने मुलाला आधी भरवले आहे, त्याचे तोंड पदराने पुसले आहे आणि मोठी माणसे खाली जेवायला गेली असताना ती त्याला कठड्यापाशी घेऊन उभी आहे. ती वाचते ते केवळ या कारणाने, कारण त्या क्षणी ती डेकवर असते आणि खालच्या जेवणघरात नसते. तिच्या शेजारी तिच्याहून भाविक, तिच्याहून वयस्क अशी दुसरी आया आहे आणि ती मात्र मुलाची लोकरीची टोपी आणायला खाली गेली आहे. हे दोन परिच्छेद जर मला नीट लिहिता आले, तर पुढचे सारे धर्मचिंतन आपोआप उभे राहील.

यातूनच प्रेमकथेची खरी गाठ बसते. त्या काळच्या प्रवाशांच्या याद्यांत आयेचे नाव बहुधा नसे. मडमेच्या नावापुढे नुसते ‘आणि आया’ असे छापलेले असे. नायक शरणपुरात मिशनच्या शाळेवर शिक्षक आहे आणि त्या दोघांत दोन वर्षे पत्रव्यवहार चालला आहे. प्रत्येक पत्र ‘प्रभूमध्ये प्रिय’ या मायन्याने सुरू होते आणि मायन्यापलीकडे जाण्याचे धैर्य दोघांनाही झालेले नाही. बोट बुडाल्याची तार मुंबईत येते, पाठोपाठ वाचलेल्यांची नावे वृत्तपत्रांत येऊ लागतात, आणि हा मनुष्य ट्रामने नाशिक रोड स्टेशन गाठून मुंबईचे वृत्तपत्र गाडीतून उतरताच विकत घेतो. यादीत एका मडमेपुढे ‘आणि आया’ आहे आणि दुसरीपुढे काही नाही. त्याला नायिकेच्या मडमेचे आडनाव ठाऊक नाही, कारण त्याने ते कधी विचारलेच नाही. पत्रांत ती नेहमी ‘आमच्या मडमसाहेब’ असे लिहीत आली. आपल्या प्रेमाच्या माणसाला जगाने नाव दिलेले नाही आणि आपणही तिची पुरती चौकशी केली नाही, हे त्याला फलाटावर उभे राहून कळते. ‘लुसिटानिया’च्या कथांमधील डेकवरच्या चांदण्यापेक्षा हा फलाट मला प्रेमाला अधिक जवळचा वाटतो.

काही वाचक विचारतील, की आपल्याच किनाऱ्यावरून निघालेली ‘टिलावा’ का नाही? नोव्हेंबर १९४२मध्ये मुंबईहून आफ्रिकेला जाताना जपानी पाणबुडीने ती बुडवली आणि २८० माणसे गेली, आणि ती कथाही कोणीतरी लिहिलीच पाहिजे. परंतु तिच्यावर बरीचशी गुजराती व्यापारी कुटुंबे होती आणि त्यांचे दुःख त्यांच्या भाषेतल्या माणसाने अधिक जाणतेपणाने लिहावे. १९४७ची ‘रामदास’ मराठी मनात आजही ताजी आहे, पण तिला वादळाने बुडवले, शत्रूने नव्हे. माझ्या कथेत शत्रू हवा आहे.

शत्रू हवा आहे तो यासाठी, की शत्रूवर प्रीती करा ही आज्ञा असलेल्या धर्माची प्रेमकथा केवळ वधूवरांपुरती राहू शकत नाही. ‘पर्शिया’ बुडवण्यापूर्वी चारच महिने आधी जर्मनीने अमेरिकेला वचन दिले होते, की प्रवासी बोटी इशाऱ्याविना बुडवणार नाही. दुसऱ्या बाजूने, ‘पर्शिया’च्या डेकवर तोफ बसवलेली होती आणि जर्मनांनी तेच कारण पुढे केले. या वादाचा निवाडा कादंबरीने करू नये. पण पाणबुडीतल्या माणसांनीही पाच दिवसांपूर्वीच नाताळ पाळला होता, ही गोष्ट तिने टाळू नये. नाशिकच्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न दूरचाही नव्हता. हिंदुस्थानात वर्षानुवर्षे शाळा, दवाखाने आणि छापखाने चालवलेले जर्मन मिशनरी त्या काळात अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध होते. नायकाला ज्यांनी वाद्य वाजवायला शिकवले असे एक वृद्ध जर्मन उपदेशक त्या तारांच्या कुंपणाआड आहेत, अशी कल्पना मी करते. ‘पर्शिया’ची बातमी आल्यानंतरच्या आठवड्यात त्यांना पोस्टकार्ड लिहायचे की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न मला यू-३८च्या कप्तानाच्या मनात शिरण्यापेक्षा अधिक खरा वाटतो.

शरणपुराबद्दल थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला राहवत नाही, कारण आज शरणपूर रोडवरून दुकानांच्या पाट्या वाचत जाणाऱ्या बहुतेक नाशिककरांना या भागाचे समुद्राशी असलेले नाते ठाऊक नसते. चर्च मिशनरी सोसायटीने १८५०च्या दशकात ही ख्रिस्ती वसाहत वसवली. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रजी आरमाराने पकडली, की त्यांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली अनेक शरणपुरात येऊन सुतारकाम, लोहारकाम आणि अक्षरओळख शिकत. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट १८७३ साली आफ्रिकेचा शोध घेत फिरणारा मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्या काफिल्यात होता. वेनराइटने झाडाच्या खोडावर लिव्हिंग्स्टनचे नाव कोरले, दफनाची प्रार्थना म्हटली आणि पुढच्या वर्षी शवपेटीसोबत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेपर्यंत गेला. समुद्राने आणून टाकलेल्या, नावगाव हिरावलेल्या मुलांना ज्या वसाहतीने नावे दिली, तिथल्या मुलीचे नाव बोटीच्या यादीत नसावे, हा योग मी जुळवून आणलेला नाही. इतिहासात तो आहेच.

त्या काळचे नाशिक नायक-नायिकेला सोपे नव्हते. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला होता आणि शहरावरची पोलिसांची नजर पुढे कित्येक वर्षे हटली नाही. पंचवटीच्या दृष्टीने शरणपूरकर साहेबाच्या धर्माचे, आणि साहेबाच्या दृष्टीने ते नेटिव्ह. बोट बुडाली तेव्हा गोदाकाठच्या काहींना इंग्रजाची बोट बुडाल्याचा आनंद झाला असेल, तर तो का झाला हे नायकाला समजते, आणि तरी त्या बोटीवर त्याचे सर्वस्व आहे. ही ओढाताण नाशिकमध्येच लिहिता येते.

प्रेमाच्या बाबतीत माझ्यासमोर आदर्श आहे तो लक्ष्मीबाई टिळकांचा. त्यांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पती-पत्नी सुमारे पाच वर्षे एकमेकांपासून दूर राहिले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. त्या ताटातुटीविषयी त्यांनी जे लिहून ठेवले आहे, त्यात देवाने आपल्याला जिंकून दिले असा सूर कुठेही नाही. रुसवा आहे, भूक आहे, लोकांची बोलणी आहेत आणि या सगळ्यातून टिकून राहिलेली माया आहे. श्रद्धा आणि संसार यांच्याविषयी मराठीत इतक्या खरेपणाने लिहिले गेले असताना आपण परक्या साच्याची उसनवारी का करावी?

म्हणून माझ्या कथेतील मुख्य प्रसंग समुद्रावर घडत नाही. नायिका अलेक्झांड्रियाहून सुएझ आणि एडनमार्गे फेब्रुवारीत मुंबईला पोहोचते आणि शरणपुरात तिच्यासाठी उपकारस्तुतीची उपासना ठरते. पाळकसाहेब प्रेमळ आहेत आणि आनंदाच्या भरात म्हणतात, की देवाने आपल्या लेकीला काही विशेष हेतूने राखले. मंडळी ‘आमेन’ म्हणते. नायिका उठून उभी राहते आणि आदराने, हात जोडून सांगते, “पाळकसाहेब, टोपी आणायला गेलेल्या मावशी माझ्याहून चांगल्या होत्या. त्यांना का राखले नाही, हे तुम्ही सांगू शकत नसाल, तर माझ्याविषयीही सांगू नका.” तिची श्रद्धा गेलेली नाही. ती स्तोत्रे म्हणते, प्रभुभोजन घेते आणि जिचे आभार मानावेत अशी प्रत्येक सकाळ तिला जड जाते. नायक त्या रविवारी तिची समजूत घालत नाही. तो मुंबईला जाऊन पी. अँड ओ.च्या कचेरीत मावशींचे नाव, गाव आणि नातलग यांची चौकशी करतो, एकदा नव्हे तर उत्तर मिळेपर्यंत, आणि माझ्या मते या कादंबरीतील लग्नाची मागणी ती हीच.

लग्न कधी लावायचे, एवढेच आता पंचांगात पाहायचे राहते. १९१६ साली राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, ८ मार्चला आला होता आणि ईस्टर २३ एप्रिलला, आणि उपवासकाळात आपल्याकडे लग्ने लागत नाहीत. फेब्रुवारीत घाईने वाजंत्री वाजवणे तिच्यावर अन्याय करणारे ठरेल, म्हणून ईस्टरनंतर तीन रविवार उपासनेत त्यांची नावे पुकारली जातील आणि मेच्या उन्हात लग्न लागेल. ६ नोव्हेंबरला त्याच भूमध्य समुद्रात ‘अरेबिया’ही टॉर्पेडोने बुडाली, तिचे सगळे प्रवासी वाचले आणि बोटीवरचे ११ कामगार गेले. ही बातमी शरणपुरात येईपर्यंत कथा चालू ठेवावी आणि त्या अकरा जणांची नावे शोधायला या वेळी नायिकेने स्वतः मुंबईची गाडी धरावी, असा माझा विचार आहे.